पाणखोलच्या बावीचं पाणी

बत्ती गेली ना? जाऊ दे, येईल तेव्हा येईल. सलोनी, तो मोबाईल आधी पालथा घाल. त्याच्या उजेडावर चिलटं येतात आणि गोष्टही नीट बसत नाही. केतन, तू असा इकडे सरक. भिंतीला टेकून बस. हं.

मला स्वतःला काही दिसलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्याला दिसलं तो आपल्याच या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होता. सुजय त्याचं नाव. साताऱ्याकडचा, भूगर्भशास्त्र शिकलेला. त्यानं मला सांगितलं तेव्हा तो इथे, याच ओटीवर, खांबाला धरून बसला होता. मुलगा थापा मारणारा नव्हता. थापा मारता आल्या असत्या तर त्याची नोकरी टिकली असती.

काम त्याचं असं. पावसाचं पाणी कुठे मुरतं, किती लवकर विहिरींना लागतं, आणि वर कोणी घाण टाकली तर ती खाली पोचेल की नाही, याचा नकाशा करायचा. हिरवा रंग म्हणजे बिनघोर जागा, पिवळा म्हणजे जपून, आणि लाल म्हणजे इथे जे टाकाल ते खालची माणसं पितील. पुढे गावोगावचा आराखडा करताना कचरा कुठे, कारखाना कुठे, घरं कुठे, ते या नकाशावरून ठरायचं होतं. काम मुंबईच्या एका खासगी कंपनीनं घेतलं होतं आणि सुजय तिथे कंत्राटावर. त्याच्या वर भावेश म्हणून एक साहेब होता. हा भावेश मुंबईत बसून फोनवरून सगळा सडा ओळखायचा.

आपला सडा तुम्हाला माहीत आहे. डोंगरमाथ्यावरचं हे पठार वरून बघाल तर काळा कातळ, काहीच मुरणार नाही असं वाटतं. पण जांभा दगड आतून सगळा भोकाभोकांचा. त्यातून चिरे काढून काढून खाणी पडलेल्या. मालगुंडच्या अलीकडे पाणखोल नावाचं गाव आहे, तिथे वर सड्यावर अशीच एक सोडून दिलेली चिऱ्यांची खाण, आणि बरोबर तिच्या खाली, डोंगराच्या पायथ्याला, खारव्यांची, म्हणजे मासेमारांची वाडी. वाडीत एकच गोड्या पाण्याची विहीर. खाडीकडच्या बाकी सगळ्या विहिरी खारट. तर किनाऱ्यावरच्या लॉजांचे मैल्याचे टँकर कायमचे या खाणीत सोडायचे, असं घाटत होतं. म्हणजे आधीच्या पावसाळ्यात चोरून सोडत होतेच, आता रीतसर सोडायचे.

सुजयनं ती खाण लाल रंगवली. भावेशनं नकाशा परत पाठवला. अक्षरं लहान आहेत म्हणाला. सुजयनं अक्षरं मोठी केली. मग म्हणाला, लाल फार भडक दिसतो, जरा सौम्य घे. त्यानं सौम्य घेतला. मग म्हणाला, या एका चौकोनाला पुरावा काय? बाकी सगळ्या जिल्ह्याला पुरावा लागला नाही, याच चौकोनाला लागला! सुजय रोज संध्याकाळी जिना चढताना स्वतःशी पुटपुटायचा. मी विचारलं की म्हणायचा, "दाजी, मी हे कोणासाठी करतोय तेच कळेनासं झालंय."

तरी त्यानं पुरावा काढायचं ठरवलं. एक पोपटी रंगाची पूड असते, पिण्याला निर्धोक. ती पाण्यात कालवून टँकरभर पाणी त्यानं खाणीच्या खड्ड्यात सोडलं. ते बघता बघता कातळानं गिळलं. आता तो रंग खालच्या विहिरीत उतरला, तर खाण आणि विहीर आतून जोडलेली आहेत हे सिद्ध. रंग इतका पातळ होऊन येतो की डोळ्यांना दिसत नाही. उन्हानं तर तो मरतोच. म्हणून अंधार पडल्यावर पाणी काढायचं आणि निळ्या प्रकाशाची एक विजेरी असते, ती मारायची. रंग असला तर पाणी काजव्यासारखं पेटतं.

भावेशचं एकच सांगणं होतं. वाडीत कोणाला रंगाचं बोलायचं नाही, लोक घाबरतील. सुजयनं ऐकलं. वाडीला त्यानं एवढंच सांगितलं, की गुरुवारी रात्री येऊन विहीर तपासणार.

तर तेवीस साल. अठरा मे, गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या. शुक्रवारी सकाळी अकराला बैठक, तिथे नकाशा पक्का व्हायचा. दिवेलागणीच्या सुमाराला सुजय बाटल्यांची पिशवी घेऊन खाली उतरला, माझ्याकडून चहा प्यायला आणि मोटरसायकलला टांग मारून निघाला. जाताना म्हणालासुद्धा, "पाणी आणायला चाललोय, जेवायला परत येतो."

वाडीत पोचला तेव्हा काळोख पडला होता. पहिलंच घर यमुनाबाईंचं. बंदरावरून म्हावरं घेऊन बाजारात विकणारी बाई, आवाज खणखणीत, सगळी वाडी तिच्या शब्दात. त्या अंगणात वाटच बघत उभ्या होत्या, तोंडावर कौतुक नुसतं मावत नव्हतं.

"या सायेब. आता बगा आमची बाव. तुमी तपासनार म्हनून आमी काल सगळ्यांनी मिळून उपसली. पाट्या भरभरून गाळ काडला. आनि मंग टीसीएल टाकली, चांगली दोन डबे! वास येतोय काय नाय हितपर्यंत?"

येत होता. माडांच्या बागेतून ब्लिचिंगचा तो दवाखान्यासारखा वास येत होता. सुजय पिशवी हातात धरून नुसता उभा राहिला. कारण ब्लिचिंगची पूड त्या पोपटी रंगाला खाऊन टाकते. रंग आला असला तरी आता उरलेला नव्हता. एवढे महिने, एवढी पायपीट, आणि दोन डबे टीसीएल!

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" त्याचा आवाज चढला. "मी म्हटलं होतं का, साफ करा म्हणून?"

"सांगाया कशाला लागता?" यमुनाबाई चपापल्या. "घरात पावना येनार असला तर आपन सारवून ठेवतो ना? तशी ठेवली. घाण गावली असती तर नाव कोनाचा गेला असता?"

आणि तिथेच मेख होती, पोरांनो. यमुनाबाईंची लेक गोदा. वेळणेश्वरकडे दिलेली. पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आणली, आणि आदल्या पावसाळ्यात वाडीत आल्यावर तिला कावीळ झाली. पोटुशीला कावीळ म्हणजे काय ते डॉक्टरच सांगतील. दोन जीव एका रात्रीत गेले. सासरची माणसं अंगणात उभी राहून म्हणाली, माहेरच्या पाण्यानं खाल्ली पोरीला. तेव्हापासून यमुनाबाई त्या विहिरीला कोणाला बोट लावू देत नव्हत्या. बावीत दोष नाही, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी ती घासूनपुसून लख्ख केली. जिच्यापायी केली, तिचा जीव कशानं गेला ते सांगणारा एकुलता एक पुरावा त्यांनी स्वतःच्या हातानं धुऊन टाकला होता.

आता हे त्या माउलीला सांगायचं कसं? सुजयच्या जिभेवर सगळं आलं होतं. भावेश, रंग, खाण. पण राग इतका आला होता, की नेमका कोणावर आलाय तेच त्याला कळेना. त्यानं शब्द गिळले आणि म्हणाला, "बरं मावशी. मी बाटली भरून घेतो आणि निघतो."

"आता?" यमुनाबाईंनी पदर सावरला. "दिवे लागल्यावर बावीत कळशी सोडत नायत सायेब. पानी निजलेला असता. निजल्या पान्याला उटवू नये."

"मला उठवायलाच लागणार," सुजय म्हणाला. "अकराला मीटिंग आहे."

घरं ओलांडून, माडांच्या बागेतून पायवाट विहिरीकडे जाते. अशी फार रात्र नव्हती. घराघरांतून जेवणाची भांडी वाजत होती, कुठेतरी टीव्ही चालू होता. सुजयच्या डोक्यात मात्र उद्याचं वाक्य तयार होत होतं. रंग आढळला नाही. चार शब्दही नाहीत. खोटं नाही त्यात काही. लाल पुसून पिवळा करायचा, सही करायची आणि सुटायचं. त्याला अगदी खरं सांगायचं तर हलकंही वाटत होतं. आता भांडायला नको. कोणी विचारलं तर सांगता येईल, की बाबांनो, मी केलं होतं, तुमच्याच वाडीनं घालवलं.

तेवढ्यात पुढून कप्पीची करकर ऐकू आली. कोणीतरी पाणी ओढत होतं.

सुजयला बरं वाटलं. म्हणजे सगळेच काही ते निजलेलं पाणी मानत नाहीत. विहिरीच्या कठड्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. भरली कळशी वर आली की ती बाजूला ओतून टाकायची आणि रिकामी परत आत सोडायची. भरायला घागर नाही, हंडा नाही. नुसतं ओढायचं आणि ओतायचं.

"ताई, जरा थांबता? मला बाटलीभर पाणी हवंय."

ती थांबली नाही. "ह्यातला नको. ह्यात औषध हाय."

"माहीत आहे मला."

"मंग कशाला न्हेताय?"

"लिहावं लागतं. उद्या दाखवायचंय."

"काय लिवनार?"

कोण कुठली बाई, तिला सांगायचं कारण नव्हतं. पण दिवसभराचं सगळं साचलं होतं. "रंग आढळला नाही, असं लिहिणार," तो म्हणाला.

कळशी अर्ध्यावर थांबली. दोर ताणलेला. खाली थेंब पडत होते, ते ऐकू येत होते.

"आनि खरा काय हाय?"

झालं, सुजयचा बांधच फुटला. त्या काळोखात, त्या परक्या बाईच्या पाठीला तो बोलत सुटला. की खाण लाल आहे, लालच असणार, शाळेतल्या पोराला कळेल. की त्यानं किती वेळा सांगितलं. की अक्षरं मोठी केली, रंग सौम्य केले, चिखलातून, उन्हातून हिंडला, आणि शेवटी कोणाला काय पडलंय? भावेशला पडलेली नाही, टँकरवाल्याला नाही, वाडीला सांगायची तर बंदी. "खरं कोणाला हवंय इथे?" तो जवळजवळ ओरडलाच. "सांगा ना, कोणाला हवंय?"

तिनं अर्ध्यावरची कळशी वर घेऊन ओतली.

"मना हवा हाय," ती म्हणाली.

आणि तिनं दोर त्याच्यापुढे केला. "धरा. मी येकटी किती उपसू? वरचा गेला की खालचा येल."

बरोबर बोलत होती ती. औषधाचं पाणी काढून टाकलं, तर झऱ्यातून नवं पाणी येईल, आणि त्यात रंग असेल. आपल्याला हे कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि दोर हातात घेतला. गार होता. मे महिन्यात इतका गार.

तो ओढायला लागला. ती कळशी घेऊन ओतायची. एक हात कमरेवर, अंग जरा मागे झुकवून, जड पावलानं. पाच-सहा खेपांनंतर त्याच्या लक्षात आलं, की बाई गरोदर आहे. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

"अहो, तुम्ही अशा... तुम्ही बसा. घरात दुसरं कोणी नाही का?"

"आये हाय. निजली."

तो ओढत राहिला. हात भरून आले. किती वेळ गेला कळेना. टीव्हीचा आवाज केव्हा बंद झाला, तेही कळलं नाही. भांडीही वाजत नव्हती. माडाचं झावळ हलत नव्हतं. नुसती कप्पी करकरत होती. करकर... करकर...

त्यानं सहज वर पाहिलं.

वर कप्पी नव्हती.

विहिरीवर पंप बसला होता. दोन लोखंडी खांब आणि मधे आडवा गज. गज मोकळा. दोर वर जाऊन... काळोखात जात होता. आणि करकर चालू होती.

हात सोडावे, असं त्याच्या मनात आलं. सुटले नाहीत.

"आला," ती म्हणाली.

"काय?"

"बगा ना."

कळशी कठड्यावर आली होती. सुजयनं एक हात कसाबसा सोडवून खिशातली विजेरी काढली. निळा प्रकाश पाण्यावर पडला...

पाणी पेटलं. पोपटी. तळापासून काठापर्यंत.

आता बघा माणूस कसा असतो. त्या क्षणी तो भीती विसरला. इतक्या महिन्यांचं सार्थक त्या कळशीत होतं. "आला! आला हो ताई!" म्हणत तो हसतच तिच्याकडे वळला. हातातली विजेरीही वळली.

तिचे ओठ पोपटी होते.

हनुवटीवरून ओघळ आलेला, तो पोपटी. गळ्यातून खाली एक रेघ. कातडीच्या आतून. छातीतून खाली... आणखी खाली. पोटात ते सगळं साठलेलं होतं. गोल. पेटलेलं.

ती नुसती बघत होती.

आणि त्या उजेडात...

पोटात...

काहीतरी हललं.

सुजय कसा पळाला, ते त्याला आठवत नाही. पिशवी, बाटल्या, विजेरी, सगळं तिथेच. यमुनाबाईंच्या अंगणात तो आपटला, तेव्हा त्या दिवा घेऊन बाहेर आल्या. "काय झाला? पानी देव?" म्हणाल्या. तो एवढ्या जोरात नाही म्हणाला, की त्या बाजूला झाल्या.

इथे आला तेव्हा मी त्याच्यासाठी जेवायचा थांबलो होतो. त्यानं ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. खांबाला धरून बसला आणि मघाशी सांगितलं ना, तसं सगळं सांगत गेला. मी म्हटलं, दमलायस, उन्हातून हिंडतोस. त्यानं तळहात पुढे केले. दोराचे वळ उठले होते, कातडं सोललं होतं. मग मी उठून खोबरेल आणलं.

सकाळी उजाडताच यमुनाबाईंचा फोन. "सायेब, बाव रिकामी झाली! रातच्यात कोनी उपसली देवाला ठावं. पंप तर बंद हाय!"

सुजय गेला. दिवसाढवळ्या, सगळी वाडी जमलेली, म्हणून जाऊ शकला. विहिरीचा तळ दिसत होता. भोवतीची माती मात्र कोरडी ठणठणीत, कोणी तांब्याभर पाणी ओतल्याची खूण नाही. तळाशी झऱ्यातून नवं पाणी झिरपत होतं. त्यानं एकाला खाली उतरवून बाटली भरून घेतली, कठड्याशी पडलेली विजेरी उचलली आणि यमुनाबाईंच्या घरात दार लावून, घोंगडी पांघरून उजेड मारला. वाडीच्या चार माणसांसमक्ष. बाटली पोपटी पेटली.

मग मात्र त्यानं भावेशचं सांगणं झुगारलं आणि सगळं समजावलं. खाणीत काय ओतलं होतं, ते इथे कसं आलं, आणि गेल्या पावसात टँकरमधलं काय आलं असेल. यमुनाबाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बावीचा दोष नाय?"

"नाही मावशी. विहिरीचा नाही, तुमचाही नाही."

"कोन सांगल ता तिच्या सासरच्यांना?"

"मी सांगेन," सुजय म्हणाला. "आज बैठकीत सांगतो, लिहून देतो."

गेला की तो बैठकीला. बाटली घेऊन, चौघांच्या सह्या घेऊन. मुंबईहून आलेल्या भावेशनं बाटली हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, नमुना भरल्या विहिरीतून घ्यायचा असतो, तुझी विहीर तर रिकामी होती. रिकामी कोणी केली? सुजय काय सांगणार? कोणी केली म्हणून सांगणार? कोणीतरी हसलं. म्हणजे परिस्थिती नियमाप्रमाणे नव्हती, भावेश म्हणाला, चला पुढे. आणि तिथल्या तिथे, पडद्यावर, सगळ्यांसमोर, त्यानं त्या चौकोनावर बोट दाबलं. लाल होता, तो पिवळा झाला. मैल्याच्या टँकरला तूर्त पावसापर्यंत परवानगी मिळाली. मला अजून आठवलं तरी डोकं उठतं! एवढं सगळं झालं, मेलेलं माणूससुद्धा कामाला लागलं, आणि एका बोटानं पुसून टाकलं.

सुजयनं सही केली नाही, नोकरी सोडली. पण त्याच्या सहीवाचून काही अडलं नाही. दुसऱ्याची घेतली.

पुढच्या आठवड्यात पहिला टँकर आला. शिवा नावाचा ड्रायव्हर, आपल्या बाजारपेठेत चहाला बसायचा, त्यानंच नंतर सांगितलं. संध्याकाळी त्यानं खाणीत नळी सोडली, टँकर रिकामा केला, आणि उशीर झाला म्हणून गाडी पाणखोलच्या वळणावर लावून तो घरी गेला. सकाळी चावी फिरवली तर गाडी जड. झाकण उघडून बघतो तर टँकर भरलेला. तोच मैला, तोच वास, काठोकाठ. खाणीत जाऊन पाहिलं. खड्डा कोरडा.

त्याला वाटलं, आपणच रिकामा करायला विसरलो. त्यानं परत ओतला. त्या दिवशी मदतनीसाला बरोबर घेऊन, थेंब न् थेंब गळेपर्यंत उभं राहून ओतला. रात्री गाडी तिथेच. सकाळी पुन्हा भरलेला! शिवा तिसऱ्यांदा गेला नाही. चावी मालकाच्या अंगणात टाकली आणि गणपतीपुळ्याला जाऊन नारळ ठेवला. दुसरा ड्रायव्हर मिळेना. मालक ओरडला, भावेशनं फोन केले, पण त्या वळणावर गाडीत बसायला कोणी तयार होईना. पाऊस लागला आणि परवानगीची मुदत आपोआप संपली. नकाशात ती खाण अजून पिवळीच आहे. पण तिथे कोणी काही टाकत नाही.

टँकर अजून तिथेच उभा आहे, मालगुंडला जाताना डाव्या हाताला. टायर बसलेत, वेल चढलेत.

रत्नागिरी सोडून जायच्या आदल्या दिवशी सुजय यमुनाबाईंना भेटायला गेला होता. बाजारातून येताना त्या त्याला त्या वळणावरच भेटल्या. टोपली खाली ठेवून टँकरच्या शिडीवर चढल्या होत्या. या वयात! तो धावत जाऊन त्यांच्या मागून दोन पायऱ्या चढला. झाकणाच्या पत्र्यावर त्या काहीतरी बघत होत्या. पत्रा उन्हानं तापलेला, हात लावला तर पोळेल असा. त्यावर एक ओलं वर्तुळ होतं. भरली कळशी टेकवून उचलावी, तसं. यमुनाबाईंनी ते पदरानं पुसलं. पत्रा कोरडा झाला. दोघं बघत राहिले... आणि ते हळूहळू पुन्हा उमटलं.

यमुनाबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी नुसता त्या ओलीवर हात ठेवला.

"सातवा म्हयना होता तिला," त्या म्हणाल्या. "इतका उचलाया नको होता."